वानर, बिस्किटाचा पुडा आणि शिक्षेबद्दलचे गैरसमज

फर्दापूरच्या टी पॉइंटवर गाडी लावून पर्यटक बसने अजिंठा लेण्यांकडे निघतात. लेण्यांच्या वाटेवर काळ्या तोंडाचं वानर आडवं येतं, दात विचकतं. हातात बिस्किटाचा पुडा असलेला माणूस घाबरून तो फेकतो. वानर पुडा घेऊन झाडावर जातं, माणसाचा जीव भांड्यात पडतो. एवढ्या वेळात दोघांनाही वळण लागलेलं असतं. खायला मिळालं म्हणून वानर पुन्हा दात विचकणार, हे धन प्रबलन. संकट टळलं म्हणून माणूस पुढच्या वेळीही पुडा फेकणार, हे ऋण प्रबलन.

ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असं भलेभले धरून चालतात. शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) अभ्यास करणारेही इथे अडखळतात. प्रबलन धन असो वा ऋण, त्याने वर्तन वाढतं. शिक्षेने ते घटतं. देणाऱ्याचा हेतू इथे मोजला जात नाही. बाई रागावल्या तरच ज्या मुलाकडे वर्गाचं लक्ष जातं, त्याला ते रागावणंच बक्षीस ठरू शकतं.

‘कधीतरी दिलं तर काय बिघडतं?’ हा दुसरा गैरसमज, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ च्या ग्रंथात कबुतरांवरचे असंख्य प्रयोग मांडले. दर वेळी दाणा मिळणाऱ्या पक्ष्यापेक्षा अधूनमधून, अवचित मिळणारा पक्षी दाणे बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारत राहतो. लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याची आशाही अशीच सुटत नाही.

मग काठी उगारावी का? स्किनर यांच्या १९३८ च्या पुस्तकातला प्रयोग पाहा. अन्नासाठी कळ दाबायला शिकलेल्या उंदरांचं अन्न बंद केलं. त्यांतल्या काहींना सुरुवातीला कळ दाबताच पंजावर फटकाही बसे. तेवढ्यापुरतं त्यांचं दाबणं कमी झालं. फटके थांबताच त्यांनी मागची कसर भरून काढली. शिक्षेचा उपयोगच नाही, असं मात्र नाही. ती लगेच आणि न चुकता मिळाली तर वर्तन दबतं. पण त्याऐवजी काय करावं हे ती शिकवत नाही आणि मनात भीती ठेवून जाते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत मारायला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. मार बंद झाला म्हणजे शिस्त संपली, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

खायला देणं थांबवल्यावर वानर आधी जास्तच चेकाळतं. त्यावरून उपाय फसला असं लोकांना वाटतं, पण वर्तन विझण्याआधी असं उसळतं हे प्रयोगशाळेतही वारंवार दिसलं आहे. नेमक्या त्याच वेळी कुणी पुडा फेकला, तर आणखी जोर लावला की मिळतं, हे वानर शिकतं. म्हणून पुडा टी पॉइंटवरच संपवावा किंवा बॅगेत तळाशी ठेवून चेन लावावी, आणि हे बसमधल्या सगळ्यांनीच करावं.