दोन सूर्योदयांची वाट

पर्थच्या स्वान नदीपासून सिंहलद्वीपातील कोग्गलाच्या सरोवरापर्यंतचे अंतर सरळ मोजले असता साडेतीन हजार मैल भरते, आणि आजच्या जेट विमानास ते सात-आठ तासांचे काम आहे. परंतु 1943 च्या जूनअखेर क्वांटास कंपनीने या वाटेवर जी गुप्त सेवा सुरू केली, तिच्या कॅटलिना जलविमानांना याच अंतरासाठी 27 तासांपासून 32 तासांपर्यंत अखंड आकाशात राहावे लागे.

फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडले आणि ऑस्ट्रेलियाचा इंग्लंडशी असलेला हवाई संबंध तुटला. तो पुन्हा जोडण्यासाठी निवडलेले हे दोन इंजिनांचे यंत्र वेगाने नव्हे तर चिकाटीने अंतर कापणारे होते. इंधनाला जागा व्हावी म्हणून बर्फ हटविण्याची साधने आणि आतील काही अस्तरदेखील उतरवून ठेवण्यात आले, आणि एवढे करूनही शेवटी उरलेल्या जागेत मावत ते प्रवासी तीन व सरकारी आणि लष्करी टपाल 69 किलो. टाक्या भरलेल्या असताना एक इंजिन बंद पडले, तर दुसऱ्याच्या बळावर उंची राखणे पहिले कित्येक तास शक्य नसे. प्रवाशांना ही गोष्ट कोणी आवर्जून सांगत असेल असे मला वाटत नाही.

वेळापत्रक ठरे ते घड्याळाने नव्हे, अंधाराने. जपानी विमानांच्या टप्प्यातील समुद्र रात्रीच ओलांडला जावा, अशा बेताने प्रस्थान ठेवलेले असे. बिनतारी यंत्रावरून संदेश पाठविण्यास मनाई. तेव्हा मार्गदर्शक अधिकारी सेक्स्टंट डोळ्याला लावून ताऱ्यांची उंची घेई आणि नकाशावर पेन्सिलीने आपले ठिकाण मांडी. विमानांची नावेही ताऱ्यांचीच होती: अल्टेअर, व्हेगा, रायजेल, अंटारेस आणि स्पायका, म्हणजे आपले श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा. पंचांग चाळणाऱ्या मराठी माणसास ही मंडळी घरचीच वाटावीत. उलट वारा लागला की हिशेब तासातासाने लांबे, आणि सर्वांत लांबलेल्या उड्डाणाची नोंद 32 तास 9 मिनिटे अशी आहे.

एकाच उड्डाणात सूर्य दोनदा उगवताना दिसे, म्हणून उतरल्यावर प्रवाशास ‘दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा’ची रीतसर सनद मिळे. बसल्या जागी अंग आखडून गेलेल्या माणसाला कागदाचा हा तुकडा भाड्याहून मोलाचा वाटला असल्यास नवल नाही.

जुलै 1945 पर्यंत 271 फेऱ्या झाल्या आणि एकाही माणसाचा जीव गेला नाही. युद्ध संपले, तेव्हा ही विमाने अमेरिकेकडून युद्धकालीन उसनवारीच्या ‘लेंड-लीज’ करारान्वये आलेली असल्याने ती व्यवहारात ठेवण्यास करारातील कलमे आड आली, आणि श्रवण, अभिजित आदी मंडळींना समुद्रात बुडविण्यात आले.