डॉक्टर नसलेले समुपदेशक

दापोली तालुक्यातल्या कुठल्याही आरोग्य केंद्रात सकाळी केसपेपरच्या रांगेजवळ थोडा वेळ कान देऊन उभं राहावं. अंग मोडून आल्यासारखं वाटतं, हातापायांत जोर नाही, डोकं जड, जेवण जात नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, छातीत धडधडतं. यातल्या काहींना ताप असतो, काहींचं रक्त कमी असतं. पण काहींचा रक्तदाब नीट, तपासण्या नीट, आणि तरी ती माणसं दोन महिन्यांत चौथ्यांदा आलेली असतात. डॉक्टरांपुढे रांग मोठी, तेव्हा वेदनाशामक गोळी आणि ताकदीच्या गोळ्या घेऊन माणूस परत जातो. 'मला उदास वाटतं' असं तिथे कुणी म्हणत नाही. फार खोदून विचारलं तर 'टेन्शन आहे' एवढं कळतं.

हीच रांग गोव्यातल्या आरोग्य केंद्रांतही होती, आणि तिच्याकडे चिकाटीने पाहणारी एक संस्था तिथे उभी राहिली. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात 'संगाथ' सुरू केली. सुरुवातीला भर होता वाढीच्या अडचणी असलेल्या मुलांवर. पुढे नैराश्य, दारू, किशोरवयीन मुलांचे प्रश्न असं काम वाढत गेलं. पटेल मूळचे मुंबईचे, मानसोपचारतज्ज्ञ. गोव्याआधी त्यांनी झिंबाब्वेत संशोधन केलं होतं. तिथे मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपल्याकडे आकडा मोठा असला तरी ते बहुतेक शहरांत. तेव्हा प्रश्न सरळ होता: डॉक्टर पुरणार नसतील, तर हे काम दुसऱ्या कुणाला शिकवता येईल का?

संगाथच्या कामातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर, आणि त्याहून जास्त त्या उत्तराची त्यांनी केलेली कडक परीक्षा. आपल्याकडे सेवाभावी कामाची परीक्षा घेणं अनेकांना उद्धटपणा वाटतो. यांनी सरळ औषधाची घेतात तशी घेतली.

पहिला मोठा प्रयोग 'मानस'. गोव्यातली १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खाजगी दवाखाने निवडले. निम्म्या ठिकाणी एक समुपदेशक बसवली: गावातलीच पदवीधर बाई, आरोग्याचं कसलंही शिक्षण नसलेली. ती रुग्णाला त्याच्या त्रासाचं स्वरूप समजावून सांगे, श्वसनाचे साधे व्यायाम शिकवे, गरज पडल्यास नात्यांतल्या ताणावर काम करणारी उपचारपद्धती वापरे. औषधं डॉक्टरांकडून, आणि मानसोपचारतज्ज्ञ अधूनमधून येणार. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आले. सरकारी केंद्रांत, समुपदेशक असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झालेले होते. जिथे समुपदेशक नव्हती तिथे सुमारे ४२ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र तिच्या असण्यानसण्याने फारसा फरक पडला नाही. नेहमीच्या ओळखीचा डॉक्टर दोन शब्द जास्त बोलतो, त्याचाही परिणाम असेल. सरकारी केंद्राच्या बाकावर बसलेल्या माणसाशी बोलायलाच कुणी नव्हतं, तिथे एक खुर्ची वाढवल्याने फरक पडला, असा मी त्याचा अर्थ लावतो.

दुसरा प्रयोग आणखी धीट होता. नैराश्य बऱ्यापैकी तीव्र असलेली माणसं, आणि उपचार करणार किमान दहावी शिकलेले, मानसशास्त्राचा गंध नसलेले स्थानिक लोक. काही आठवडे वर्गातलं प्रशिक्षण, मग महिनोन्‌महिने देखरेखीखाली उमेदवारी. भाषा कोकणी, मराठी, हिंदी; रुग्णाची जी असेल ती. रुग्ण निवडायला नऊ प्रश्नांची एक साधी चाचणी, २७ पैकी १४ हून जास्त गुण आले तर तो या उपचाराला पात्र. सहा ते आठ भेटी, आठवड्याला एक, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची, आरोग्य केंद्रात किंवा घरी. घरी जाण्याची मुभा महत्त्वाची होती. रोजंदारी बुडवून, एसटीचं भाडं घालून कुणी 'बोलायला' येत नाही.

त्या अर्ध्या-पाऊण तासात काय करायचं, हे पक्कं ठरलेलं होतं. पद्धतीचं नाव 'हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम', आणि तिचा गाभा म्हणजे माणसाला पुन्हा कृतीकडे नेणं. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. समजा हर्णैची एक बाई आहे. ही कल्पनेतली आहे, पण आपल्या ओळखीत अशी कुणीतरी असतेच. नवरा मुंबईला, मुलगा विरारला, सून बोलत नाही. तिने आधी बचत गटाच्या बैठकीला जाणं सोडलं, मग बंदरावर मासळीच्या लिलावाला, मग परसातल्या अळवाकडे बघणं. जितकं सोडलं तितकं बरं वाटण्याचं कारण कमी होत गेलं, आणि जितकं बरं वाटेना तितकं आणखी सोडत गेली. समुपदेशक या चक्रात शिरतो तो कृतीच्या बाजूने. तिच्याबरोबर बसून आठवड्याचा तक्ता भरतो: सोमवारी काय केलं, तेव्हा कसं वाटलं? मंगळवारी? मग दोघं मिळून एक लहान काम ठरवतात. बुधवारी सकाळी अळवाला पाणी. इतकंच. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न तोच: झालं का? नाही झालं तर का नाही, कुठे अडलं? वाटेत झोप, सततचं तेच तेच मनात घोळवणं, घरातला एखादा सोडवता येण्यासारखा प्रश्न, यांवरही काम होतं. शक्य असेल तर घरातलं एक माणूस सोबत घेतात.

हे वाचून 'यात मानसोपचार कुठला?' असं कुणाला वाटेल. १९९६ साली अमेरिकेत नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला होता. विचार बदलण्याच्या प्रसिद्ध उपचाराचे त्यांनी भाग सुटे केले, आणि नुसता कृतीचा भाग दिलेले रुग्णही जवळपास तितकेच सुधारले. गोव्याच्या पद्धतीमागे हा सगळा इतिहास आहे. तिच्या प्रयोगाचे निकाल २०१६ साली प्रसिद्ध झाले: दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, ४९५ रुग्ण, त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया. तीन महिन्यांनी, नेहमीच्या उपचारांना या भेटींची जोड मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचं नैराश्य ओसरलं होतं. भेटींशिवाय ३९ टक्क्यांचं. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता.

दारूसाठीचा उपचार याच समुपदेशकांनी केला, पण तिथली चाल वेगळी. आपल्याकडे पिणाऱ्या माणसाला सुधारण्याच्या रीती ठरलेल्या: बायकोचं रडणं, गावकीची तंबी, देवळात नारळावर हात ठेवून शपथ. माळ घालून सुटलेले काही जण खरोखर सुटतात, हे मान्य. संगाथच्या पद्धतीत समुपदेशक यातलं काहीच करत नाही. तो चाचणीत आलेले गुण दाखवतो आणि विचारतो, पिण्यातलं तुम्हाला काय बरं वाटतं? मग, काय नको वाटतं? सोडायची कारणं तो सांगत नाही, ती माणसाच्याच तोंडून यावी लागतात. जास्तीत जास्त चार भेटी. ३७७ पुरुषांवरच्या या प्रयोगात पिणं धोक्याच्या पातळीखाली आलेले भेटी मिळालेल्यांत ३६ टक्के, न मिळालेल्यांत २६ टक्के. फरक आहे, पण नैराश्याइतका ठसठशीत नाही. बुडणारे कामाचे दिवस किंवा बायकोवरची मारहाण यांत फरक दिसला नाही, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. चार भेटींत एवढं बदलत नाही, हे दारूमुक्तीच्या गावसभांत भाषणं करणाऱ्यांनी वाचायला हवं.

आता देखरेखीबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. रुग्णाच्या परवानगीने भेटी ध्वनिमुद्रित होत. दर आठवड्याला समुपदेशक एकत्र बसून कुणा एकाची भेट ऐकत आणि ठरलेल्या गुणपत्रिकेवर एकमेकांना गुण देत. तू इथे उपदेश केलास. इथे तिला बोलू दिलं नाहीस. तक्ता भरून घेतलास, पण पुढचं काम ठरवलंच नाहीस. सुरुवातीला तज्ज्ञही सोबत गुण देत. पुढे सहकाऱ्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात असं दिसलं, आणि हे काम सहकाऱ्यांच्याच हाती आलं. एखाद्याने नुसत्या मायेने ऐकलं असतं तर हे घडलं नसतं. माया कोकणात घरोघरी आहे, सल्ला तर मागायच्या आधी मिळतो. आपलं बोलणं दुसऱ्याने ऐकून तपासावं ही सवय मात्र कीर्तनकार आणि नाटकवाले सोडले तर आपल्याकडे फारशी कुणाला नाही.

याच्या शेजारी ठाण्याची आय.पी.एच. ठेवून बघावीशी वाटते. डॉ. आनंद नाडकर्णींनी २३ मार्च १९९० रोजी सुरू केलेली ही संस्था, 'सुदृढ मन सर्वांसाठी' हे तिचं ध्येय. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते असे शिकलेसवरलेले लोक तिथे एकत्र काम करतात, आणि नाडकर्णींच्या पुस्तकांतून, व्याख्यानांतून अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत मराठी घरांत पोचली. या पद्धतीचा रोख 'च'वर. मुलाने मला दर महिन्याला फोन केलाच पाहिजे, सुनेने मला विचारलंच पाहिजे. या हट्टातून दुःख वाढतं, तेव्हा हट्टाचं इच्छेत रूपांतर करायला शिकायचं. मराठी वाचकाला ही रीत मानवली, यात नवल नाही. वाद घालून मुद्दा पटवून घेणं आपल्याला आवडतं. पण अंथरुणातून उठायचीच उमेद नसलेल्या बाईशी 'च'वर चर्चा करणं तिलाही जड आणि नवख्या समुपदेशकालाही जड. तिच्यासाठी अळवाला पाणी घालणं आधी, विवेक मागाहून. ठाण्याच्या पद्धतीला तयारीचा माणूस लागतो, खुर्चीच्या दोन्ही बाजूंना.

दापोलीहून ठाणे तसं परकं नाही; अर्धा तालुका तिकडेच राहतो. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालचं, राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी एक. पण ते गाठायचं तर खेड, चिपळूण करत जाण्यातच दिवस मोडतो, आणि 'रत्नागिरीला नेलं' या दोन शब्दांचा गावात जो अर्थ होतो तो वेगळाच. म्हणून लोक आधी गुरवाकडे जातात, देवाला कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात. या वाटेला हसण्याचं कारण नाही. गाऱ्हाण्यात माणसाचं नाव घेऊन, चार लोकांसमोर, त्याचं दुखणं उच्चारलं जातं, आणि सरकारी ओपीडीत ते होत नाही. अडचण पुढे येते, 'बाहेरचं' म्हणून उपचार लांबतात आणि भगताच्या हातून मारझोडही होते. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात केळशी, आंजर्ले, मुरूड पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा पंचनामे झाडांचे झाले. पोफळीचं नवं रोप उत्पन्नाला यायला वर्षं लागतात. ती वर्षं ज्याने रिकाम्या वाडीकडे बघत काढली, त्याची नोंद कुठल्याच रकान्यात नव्हती.

मग गोव्याची रीत इथे चालेल का? एक शंका मला सोडत नाही: वाडीत सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात. समुपदेशक ताई उद्या पाणवठ्यावर भेटणार, तिची जाऊ माझ्या नणंदेच्या गावची. बोलायचं कसं? शहरात अनोळखीपणा आपोआप मिळतो, इथे तो तयार करावा लागेल: एका वाडीत दुसऱ्या वाडीची समुपदेशक, गुप्तता मोडली तर काम गेलं असा नियम. शिवाय फोन आहे. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ज्याला गावात तोंड उघडायचं नाही, त्याला निदान ही वाट आहे.

सरकारदरबारी या विषयावर नेहमीचं उत्तर तयार असतं: आशाताईंना शिकवू. मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यात संगाथने आशांना मोबाइलवरून ही पद्धत शिकवण्याचा प्रयोग केलाही. शिकण्याची कुवत आशांमध्ये आहेच. पण गोव्याच्या प्रयोगांतल्या समुपदेशकांना यासाठीच नेमलेलं होतं, आणि आठवड्यातून एकदा बसून भेटी ऐकायला वेळ राखलेला होता. आशाताईंकडे गरोदर बायांची नोंद, लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या, सर्व्हेंवर सर्व्हे, आणि मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक, तोही थकलेला. त्यांच्या पिशवीत आणखी एक रजिस्टर टाकलं तर तक्ते भरले जातील, फोटो वर जातील, आणि अळवाला पाणी घातलं का हे विचारायला पुढच्या बुधवारी कुणी येणार नाही. तालुक्यातल्या दर प्राथमिक आरोग्य केंद्रामागे दोन पगारी समुपदेशक, आणि त्यांचं बोलणं ऐकायला महिन्यातून एकदा तरी येणारा मानसशास्त्रज्ञ. मागणी करायची तर निदान एवढी नेमकी करावी.