विमानांच्या वाटेवरचं घर

“अगं, तुझ्याशी बोलताना मधेच कुणी गिरणी लावतं का?” मिरजेची वहिनी फोनवर हमखास विचारते. गिरणी नव्हे बाई, विमान!

आम्ही दुबईतल्या मिर्दिफमध्ये राहतो. विमानतळाच्या आग्नेयेला, अगदी धावपट्टीच्या रेषेत. दिवसा बहुधा समुद्राकडून वारा येतो. विमानाला वाऱ्याकडे तोंड करून उतरावं लागतं, म्हणून ती आमच्या गच्चीवरून खाली येतात. रात्री वारा फिरला की तीच आमच्या दिशेनं उडतात, आणि चढणारं विमान उतरणाऱ्यापेक्षा जास्त गरजतं. आम्ही घर बघितलं ते दुपारी! म्हणून मैत्रिणींनो, अशा वस्तीत घर बघायला रात्री जावं. इथे वर्षाच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात, मग पस्तावून उपयोग नाही.

बाकी वस्ती छान. बैठी, दुमजली घरं, कुंपणावर बोगनवेल, जवळच मुश्रिफ पार्क. तिथली घाफची झाडं म्हणजे आपली शमीच बरं का! दसऱ्याला मी जाऊन नुसता नमस्कार करून येते, पान तोडत नाही.

आवाजाची सवय होते. मुलांची झोपायची खोली मागच्या बाजूला, खिडक्यांना जाड दुहेरी पडदे, कपाटं बाहेरच्या भिंतीला. एवढ्यानंही फरक पडतो. शनिवारी मी घरी मराठीची शिकवणी घेते. विमान आलं की वाक्य तिथेच थांबतं, गेलं की पुढे चालू. मुलं त्याला ‘अर्धविराम’ म्हणतात.

हा विमानतळ १९६० साली सुरू झाला तेव्हा धावपट्टी होती दाबून बसवलेल्या रेतीची. २०२४ साली तिथून नऊ कोटींच्या वर प्रवाशांची ये-जा झाली. म्हणजे अर्धविराम किती, ते बघा.

२०२० च्या मार्चमध्ये मात्र सगळं थांबलं. २५ तारखेपासून प्रवासी विमानं बंद. भारतानं तर त्याच्या आधीच दारं लावून घेतली होती. पहिल्या रात्री मी दचकून उठले, इतकी शांतता! दोन वर्षांचा धाकटा रडायलाच लागला.

आई तिकडे आजारी होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. विमानतळ आमच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर. या जवळपणाच्या जोरावरच तर मी लग्नानंतर आईला सांगितलं होतं, “हाक मारलीस की पाच तासांत येते.” दादानं फोन धरून तिचा चेहरा दाखवला. मग मी अंगणात जाऊन उभी राहिले. अधूनमधून मालाचं एखादं विमान जायचं, तेवढंच. लोकांना भारतात नेणारी पहिली विमानं इथून सुटली ७ मे रोजी. तोवर आईचं तेरावं होऊन गेलं होतं.

२०२४ मध्ये जाहीर झालं, की साधारण दहा वर्षांत सगळी विमानं गावाबाहेरच्या अल मकतूम विमानतळावर नेणार. शेजारणी खूश आहेत. आमचे हे, शांतता झाली की भाडं किती चढेल, त्याचा हिशेब मांडतायत. मी काही बोलत नाही. रात्री दीडच्या सुमाराला एक विमान गरजत जातं. ते मुंबईचंच, असं मी आपलं धरून चालते. ते गेल्याशिवाय मला झोप लागत नाही.