धोंडा पौषात का येत नाही?

धोंड्याचा महिना लागला की शिरूर अनंतपाळच्या घरांतून लेकी-जावयांना बोलावणं जातं आणि पुरणाचे धोंडे होतात. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ. अधिक पौष मात्र कुणाच्या आठवणीत सापडणार नाही. त्याचं कारण पृथ्वीच्या कक्षेत आहे.

ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक. 15 जून 2026 ला सकाळी अमावस्या संपते आणि काही तासांनी सूर्य मिथुनेत जातो. एवढ्या फरकानं संक्रांत हुकते आणि ज्येष्ठ अधिक ठरतो. चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. जून-जुलैत सूर्याला मिथुन रास ओलांडायला सुमारे साडेएकतीस दिवस लागतात, म्हणून दोन संक्रांतींच्या मध्ये अख्खा चांद्रमास मावतो. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे पौषाच्या सुमारास, धनु रास मात्र साडेएकोणतीसहून किंचित कमी दिवसांतच संपते. क्वचित एकाच चांद्रमासात दोन संक्रांती येतात आणि महिना गळतो: 1963-64 मध्ये मार्गशीर्ष, 1982-83 मध्ये माघ.

आकाशात सूर्याची म्हणून दिसते ती चाल खरं तर पृथ्वीची. जानेवारीच्या आरंभी ती सूर्यापासून 14.71 कोटी किलोमीटरवर असते आणि सेकंदाला 30.3 किलोमीटर धावते. जुलैच्या आरंभी अंतर 15.21 कोटी होतं, वेग 29.3 वर येतो. (मे महिन्यात लातूर भाजून निघतं तेव्हा आपण सूर्यापासून लांब जात असतो. उन्हाळा घडवतो तो पृथ्वीच्या आसाचा कल.)

हे अंतर कायम का राहत नाही? ज्वारी राखताना फिरवलेल्या गोफणीची दोरी ठरावीक लांबीची असते, म्हणून दगड वर्तुळातच फिरतो. गुरुत्वाकर्षण अशी लांबी बांधून देत नाही. प्रत्येक अंतराला वर्तुळासाठी एकच नेमका वेग चालतो. जुलैत पृथ्वीचा वेग त्याहून थोडा कमी पडतो. ती सूर्याकडे झुकते आणि झुकताना वेग कमावते. जानेवारीत तोच वेग वर्तुळापुरत्या वेगाहून जास्त झालेला असतो, म्हणून ती पुन्हा दूर सरकते. आपल्या अंतरावर वेग सेकंदाला 42 किलोमीटरच्या वर गेला, तर कक्षा मिटतच नाही. वस्तू सूर्याला कायमची सोडून जाते.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते या कक्षेचं मिटणं. अंतर दुप्पट झालं की ओढ चौपट कमी होते. या नियमात आत-बाहेरचा एक हेलकावा आणि सूर्याभोवतीची एक फेरी अगदी एकाच वेळी पुरी होते. दुसरा कुठलाही नियम असता, तर बहुधा दर फेरीला कक्षा वेगळ्या जागी उमटली असती.

आपल्या ज्योतिषगणितानं ही असमान गती फार आधी टिपली होती. मंदोच्च (सूर्य सर्वांत मंद चालतो ती जागा) आणि मंदफल (त्या असमानतेसाठीची दुरुस्ती) हे शब्द त्यासाठीच आहेत; भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त हे गणित मांडलं आहे. लंबवर्तुळ केप्लरनं 1609 मध्ये मांडलं, त्यामागचं कारण न्यूटननं 1687 मध्ये. पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी (1854–1930) ‘ज्योतिर्गणितम्’मधून आधुनिक गणित पंचांगकर्त्यांच्या हाती दिलं. आपल्या शाळांत या माणसाचं नाव फारसं घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

कक्षेचं मिटणंही तंतोतंत नाही. गुरू, शुक्र वगैरे ग्रहांच्या ओढीनं पृथ्वीची कक्षा ताऱ्यांच्या संदर्भात हळूहळू वळते. एका वळशाला सुमारे 1 लाख 12 हजार वर्षं लागतात. सर्वांत वेगवान टप्पा आज धनु राशीत येतो. तो पुढच्या राशींत सरकेल, तसे अधिक महिन्याचे लाडके महिनेही बदलतील आणि कधीतरी अधिक पौषही येईल.