आपल्या रानातली माती समुद्रात सापडली



पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू झाले की पाहुण्यांची रीघ लागते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला तो पाणी महाल, त्याच्या बंधाऱ्यावरून कोसळणारी बोरी. कौतुक व्हायलाच पाहिजे. पण आम्ही पडलो शेतकी खात्याची माणसं. आमची नजर पाण्याच्या रंगावर जाते. पाणी चहासारखं गढूळ दिसलं की पोटात कालवतं, कारण तो रंग आपल्या रानाचा असतो.

ही माती जाते कुठे? बोरी अक्कलकोट तालुक्यातून भीमेला मिळते, भीमा रायचूरजवळ कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. बालाघाटाच्या पलीकडच्या अंगाला वाहणारी तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि गोदावरीही शेवटी त्याच समुद्राला. आपल्या जिल्ह्याची माती अशी दोन वाटांनी निघून एकाच ठिकाणी पोचते.

ही नुसती कल्पना नव्हे. २००६ साली 'जॉइडेस रिझोल्यूशन' हे जहाज समुद्राखालच्या गोठलेल्या वायूच्या शोधात भारत सरकारच्या मोहिमेवर आले होते. त्याने आंध्र किनाऱ्यासमोर, हजार मीटरहून खोल पाण्याच्या तळाशी नळी घुसवून गाळाचे लांबच लांब दंडगोल वर काढले. उसाच्या कांड्या मोजून जसे आपण वाढ कशी झाली ते सांगतो, तसे शास्त्रज्ञ या गाळाचे थर वाचतात. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. यातल्या एका दंडगोलात गोदावरीने आणलेल्या गाळाचा हजारो वर्षांचा हिशेब सापडला.

गाळ कुठला हे कसे ओळखले? आपली काळी माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकापासून झाली आहे. तेलंगणाकडचे खडक त्याहून कितीतरी जुने. दोन्ही खडकांतल्या निओडिमियम नावाच्या मूलद्रव्याची ठेवण वेगळी असते, आणि समुद्रात पडली तरी माती आपली ही खूण सोडत नाही.

अमेरिकेतल्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेच्या लिव्हिउ जिओसान आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली हा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात निघालेली गोष्ट ऐकून आम्हीही आधी चक्रावलो. काही हजार वर्षांपूर्वी मोसमी पाऊस कमी होत गेला, आणि तेव्हा माती कमी नव्हे तर जास्त वाहून गेली! पुढे दख्खनवर शेती आली आणि पसरली, तशी धूप आणखी वाढली. कारण सरळ आहे. पाऊस घटला तसे झाडझाडोरा, गवत घटले. उघड्या जमिनीवर मग जो काही पाऊस आला, तो माती घेऊन गेला. आपल्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात "पाऊसच नाही, तर माती कशी जाईल?" असे म्हणण्यात अर्थ नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याकडे पुराने रानं खरडून नेली, ते सर्वांनी पाहिले. पण आम्हाला जास्त काळजी न दिसणाऱ्या धुपीची आहे. ओढ्याकाठच्या एका सभासदाच्या फडात उभे असताना ते म्हणाले, "सायेब, खत तेवढंच घालतोय की वो, टनेज का उतरतंय?" आम्ही बांधाकडे बोट दाखवले. बांधाचा दगड, जो पूर्वी मातीत बुडालेला होता, तो वीतभर उघडा पडला होता. एका एकरातून एक मिलिमीटर माती गेली तर सुमारे पाच टन जाते. एक इंच गेली तर सव्वाशे टन. एकरी चाळीस टन उसासाठी आपण काय काय करतो, ते आठवून बघा.

बरं, माती एकटी जात नाही. आमच्या लहानपणी वाळवी आणि हुमणीसाठी बीएचसी पावडर हातानेच फेकली जायची; तिचा कुबट वास अजून नाकात आहे. १९९७ साली तिच्यावर बंदी आली, एंडोसल्फान २०११ मध्ये थांबले. बीएचसीसारखी विषे मातीच्या कणांना चिकटून राहतात, चिखलातल्या किड्यांतून माशांत आणि माशांतून मासेखाऊ पक्ष्यांच्या चरबीत साठत जातात. डीडीटीने तर पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच पातळ झाल्याचे जगभर दिसले. आज हुमणीसाठी वापरले जाणारे क्लोरपायरिफॉसही माशांना फार घातक आहे. म्हणून पंप ओढ्यात धुऊ नका. आळवणी जोराच्या पावसाच्या तोंडावर करू नका. यात आमच्या खात्याचीही चूक आहे: औषधाची मात्रा सांगताना ओढ्याचे नाव आम्ही क्वचितच घेतले.

आता काय करायचे? पाचट पेटवू नका, हे आम्ही दर हंगामात सांगतो आणि दर हंगामात धूर बघतो. खोडव्यात सरीआड सरी पाचट ठेवले तरी पावसाचा थेंब थेट मातीवर आदळत नाही. सऱ्या उताराला आडव्या पाडा. उताराच्या दिशेने पाडल्या तर पाणी लवकर पोचते खरे, पण मातीही तितक्याच लवकर निघते. ओढ्याच्या कडेला दोन-तीन हात पट्टा गवताचा किंवा वाळ्याचा राहू द्या. तेवढ्या पट्ट्यात चार ऊस कमी येतील, हे कबूल.

लागणीपूर्वी उताराची पाहणी करून हवी असेल त्यांनी गट नंबर आणि सातबारा घेऊन आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे. ओढ्याकाठच्या रानांची पाहणी आम्ही आधी घेऊ.