ऑपरेशन पोटाचं, मग आवाज का बसतो?

पित्ताशयातले खडे काढून घेतलेला माणूस शुद्धीवर येतो आणि तक्रार करतो घशाची. गिळताना दुखतं, आवाज घोगरा येतो. नातेवाइकांना वाटतं, ऑपरेशन थिएटरमधल्या एसीचा परिणाम असेल. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं: भूल चढल्यावर तोंडातून श्वासनळीत घातलेली प्लास्टिकची ट्यूब. रुग्ण नीट जागा होईपर्यंत ती काढलेली असते, त्यामुळे ती होती हेच अनेकांना ठाऊक नसतं.

पूर्ण भूल देताना स्नायू सैल करणारं औषधही बऱ्याचदा देतात. मग रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो आणि ते काम मशीनला करावं लागतं. त्यासाठी ही ट्यूब. तिचा रस्ता मात्र थेट दोन स्वररज्जूंच्या, म्हणजे व्होकल कॉर्ड्सच्या मधून जातो. मोठ्या माणसांसाठीच्या ट्यूबचा आतला व्यास साधारण ७ ते ८ मिलिमीटर असतो.

ट्यूबच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो, त्याला कफ म्हणतात. हवा गळू नये आणि पोटातलं काही फुफ्फुसात उतरू नये म्हणून तो फुगवतात. त्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर इतका ठेवायचा असतो. तो जास्त झाला तर श्वासनळीच्या आतल्या नाजूक अस्तराचा रक्तपुरवठा कमी होतो. भुलेसाठी नायट्रस ऑक्साइड वापरला, तर तो वायू हळूहळू फुग्यात शिरून दाब आणखी वाढवू शकतो. दाब मोजायचं साधं यंत्र मिळतं. तरीही अनेकदा बोटांनी चाचपून अंदाज घेतला जातो आणि तो अंदाज चुकतो.

किती दिवस वाट पाहायची?

बहुतेकांना फक्त सूज येते आणि ती दोन-तीन दिवसांत उतरते. पण काही वेळा स्वरयंत्रातली छोटी कूर्चा जागची हलते. कधी स्वररज्जू हलवणारी नस दाबली जाते आणि एक बाजू लुळी पडते. मग बोलताना हवाच जास्त बाहेर जाते, पाणी पिताना ठसका लागतो. ट्यूब घासलेल्या जागी गाठही येऊ शकते, तीसुद्धा काही आठवड्यांनी.

‘ट्यूब तर सहज गेली होती’ हे उत्तर इथे पुरेसं नाही. अमेरिकेत भूलतज्ज्ञांविरुद्धच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचं विश्लेषण १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात स्वरयंत्राच्या इजांपैकी सुमारे ८० टक्के प्रकरणांत ट्यूब घालताना काहीच अडचण आली नव्हती. हे दावे आहेत, त्यामुळे अशी इजा किती जणांना होते हे त्यावरून कळत नाही. पण सोप्या केसमध्येही ती होऊ शकते, एवढं नक्की कळतं.

एरवी आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही तर स्वरयंत्र तपासावं, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ऑपरेशन किंवा ट्यूबनंतर आवाज गेला असेल, तर तेवढंही थांबू नये, असंही त्यात आहे. याला कारण आहे. सरकलेली कूर्चा लवकर बसवली तर आवाज परत येण्याची शक्यता जास्त, उशीर झाला की ती तिथेच घट्ट होते. तपासणी अवघड नसते. नाकातून बारीक कॅमेरा घालून काही मिनिटांत स्वररज्जू हलताना दिसतात. नस दुखावली असेल तर ती काही महिन्यांत आपोआप सुधारू शकते, तोपर्यंत व्हॉइस थेरपीचा आधार असतो.

श्वास घेताना घर्र आवाज येत असेल, मानेत सूज आणि ताप असेल, तर मात्र त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

शिक्षक, गायक, कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्यांनी आपलं काम काय आहे हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगावं. काही ऑपरेशनं कमरेत इंजेक्शन देऊन होतात. काहींत स्वररज्जूंच्या वरच टेकणारा मास्क चालतो. पोट रिकामं नसेल तर तो सहसा वापरत नाहीत, तिथे ट्यूबच सुरक्षित. आणि घसा बसलाय म्हणून कुजबुजत बोलू नका, त्यानंही अनेकांच्या स्वरयंत्रावर ताण येतो. हळू पण नेहमीच्या आवाजात, मोजकंच बोला.