टाळूखालचा रक्तस्राव आणि त्यामागून येणारा दाह

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात साताऱ्याहून भाचीच्या सासरचा फोन आला. तिसावा आठवडा होता आणि कळा सुरू झाल्या होत्या. सकाळ उजाडल्यावर सांगलीस आणावे काय, अशी पृच्छा होती. तेथील डॉक्टरीणबाईंनी मात्र सकाळची वाट पाहू दिली नाही. कळा औषधाने थोपवल्या, डेक्सामेथासोनचे पहिले इंजेक्शन दिले आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या सांगलीच्या रुग्णालयाकडे रातोरात रवाना केले. शंभराहून अधिक किलोमीटरचा तो प्रवास बाळाने आईच्या पोटातच केला. अशा बाळासाठी याहून सुरक्षित वाहन नाही.

बाळ दोन दिवसांनी जन्मले. तिसऱ्या दिवशी टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत मेंदूच्या पोकळ्यांत रक्त दिसले. चारपैकी तिसरी श्रेणी. या पोकळ्यांच्या कडेला नव्या पेशी घडवणारा एक थर असतो. साधारण बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत त्यातील रक्तवाहिन्या इतक्या कोवळ्या असतात की रक्तदाबाच्या हेलकाव्यानेही त्या फुटतात. बहुतेक रक्तस्राव पहिल्या ७२ तासांत होतात.

रक्त वाहायचे थांबले म्हणजे संकट टळले, असा आमचा समज होता. परंतु साकळलेले रक्त विघटित होऊ लागले की हिमोग्लोबिन व लोह मोकळे होते, मेंदूतील संरक्षक पेशी चवताळतात आणि त्यांच्या दाहाने आसपासचे कोवळे मज्जातंतू होरपळतात. पाणी वाहून नेणारे मार्ग चिकटून डोक्यात पाणी साचू लागते. मूळ मुद्दलापेक्षा चढत्या व्याजानेच कर्जदार बुडालेले मी बँकेत पुष्कळ पाहिले. हा प्रकार त्याच जातीचा.

हा दाह शमवणारे खात्रीचे औषध आजमितीस नाही. ब्रिस्टल येथील डॉक्टरांनी २००३ ते २००६ या काळात पोकळ्या धुऊन रक्तमिश्रित द्रव काढण्याचा प्रयोग ७७ बालकांवर केला. पुन्हा रक्तस्राव होऊ लागल्याने तो मध्येच थांबवावा लागला. तथापि दहा वर्षांनी तपासता धुतलेल्या गटाची बुद्धी सरस आढळली. तरीही ही नित्याची चिकित्सा झालेली नाही.

म्हणून खरे बळ प्रसूतीपूर्वीच्या त्या स्वस्त इंजेक्शनात आहे. त्याने रक्तस्रावाचेच प्रमाण घटते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील २,८५२ मातांच्या चाचणीत डेक्सामेथासोनमुळे नवजात मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. आपल्या शेजारचे बेळगाव त्या चाचणीत सहभागी होते.

घरी आल्यावर वेगळाच प्रश्न उभा राहिला. बाळ अंगाने भरत होते, म्हणून वडीलधाऱ्यांना पुढील तपासण्या नकोशा झाल्या. मुलीची जात, उद्या चार लोकांत बोभाटा होईल, हीच धास्ती. मला हे मुळीच पटले नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बालकांचा अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. त्यांची सरासरी बुद्धी सामान्य मर्यादेत होती, पण पूर्ण वजनाच्या सोबत्यांहून कमी. असे अंतर नुसत्या बाळशावरून कसे कळावे? अखेर माझ्या बहिणीनेच टेप हाती घेतली आणि दर रविवारी डोक्याचा घेर वहीत मांडू लागली.

पाणी वाढले नाही. नात आता चालते. डावी टाच किंचित उचलते, म्हणून आजोबा दर मंगळवारी दुकान मुनीमजींवर सोपवून तिला व्यायामोपचारास नेतात.